कुत्र्यांतील आत्मप्रतिरक्षा रोग : रक्तपरीक्षेचा इतिहास

शरीरात शिरलेल्या परक्या द्रव्यांचा व जंतूंचा प्रतिकार करणारी यंत्रणा काही वेळा स्वतःच्याच कोशिकांवर (पेशींवर) उलटते व त्यांचा नाश करते. अशा विकारांना आत्मप्रतिरक्षा रोग म्हणतात. माणसाप्रमाणेच कुत्र्यातही हे रोग आढळतात. रक्तातील तांबड्या कोशिकांचा नाश झाल्यास रक्तविलयनजन्य पांडुरोग होतो. बिंबाणूंचा (रक्त साखळण्यास मदत करणाऱ्या सूक्ष्म तबकड्यांचा) नाश झाल्यास कातडीखाली व हिरड्यांतून रक्तस्राव होतो. सांधे, मूत्रपिंड, कातडी व रक्त या सर्वांवर एकदम घाला पडल्यास त्या विकाराला सार्वदेहिक ल्युपस म्हणतात. स्नायूंचे गंभीर दौर्बल्य व अवटू ग्रंथीचा (गळ्यातील श्वासनालालगतच्या ग्रंथीचा) शोथ हेही याच वर्गातील होत. या रोगांच्या निदानासाठी रक्तात आत्मप्रतिपिंडांचा, म्हणजे स्वतःच्याच ऊतकांना (समान रचनेच्या पेशीसमूहांना) चिकटणाऱ्या प्रथिनांचा, शोध घेतला जातो.

या परीक्षांचा इतिहास हा बव्हंशी एकाच प्रश्नाचा इतिहास आहे. रक्तात सापडलेले आत्मप्रतिपिंड हे रोगाचे मूळ, की दुसऱ्याच एखाद्या संसर्गाने मागे ठेवलेली खूण? मुंबईसारख्या उष्ण व दमट शहरात, जेथे कुत्र्यांच्या अंगावरील गोचिडी बारा महिने टिकून राहतात, हा प्रश्न केवळ तात्त्विक उरत नाही. आत्मप्रतिरक्षा रोगावरील औषधे शरीराची प्रतिकारशक्ती दडपून टाकतात. पांडुरोगाचे कारण गोचिडीने पसरविलेला परोपजीवी असेल आणि तो ओळखला गेला नाही, तर हीच औषधे संसर्गाला मोकळे रान देतात. उलटपक्षी, खरा आत्मप्रतिरक्षा रोग असताना औषध देण्यास विलंब झाला, तर कुत्रे थोड्याच दिवसांत दगावण्याचा संभव असतो.

पूर्वेतिहास : जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी १९०० च्या सुमारास बकऱ्यांवर काही प्रयोग केले. एका बकरीचे रक्त दुसरीस टोचले असता दुसरीच्या रक्तात पहिलीच्या तांबड्या कोशिका फोडणारी प्रतिपिंडे तयार होत. परंतु ती त्या बकरीच्या स्वतःच्या कोशिकांना धक्का लावीत नसत. यावरून शरीर स्वतःविरुद्ध विष निर्माण करण्याचे कटाक्षाने टाळते, असा निष्कर्ष एर्लिख यांनी काढला आणि या प्रवृत्तीला ‘आत्मविषाचे भय’ या अर्थाचे लॅटिन नाव दिले. त्यांचा अधिकार एवढा मोठा होता की, विरोधी पुरावा पुढे येऊनही हे मत सु. अर्धशतक टिकून राहिले.

तो पुरावा १९०४ मध्येच मिळाला होता. व्हिएन्ना येथे युलिउस डोनाट व कार्ल लांटश्टाइनर यांनी थंडी लागताच लाल लघवी होणाऱ्या रुग्णांच्या रक्तरसात (रक्त साखळल्यावर वेगळ्या होणाऱ्या निवळ द्रवात) रुग्णाच्याच तांबड्या कोशिका फोडणारे द्रव्य दाखवून दिले. यातील एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या काळी या विकाराच्या बहुसंख्य रुग्णांना उपदंश झालेला असे. आत्मप्रतिपिंडाच्या पहिल्याच निःसंदिग्ध उदाहरणामागे अशा रीतीने एक संसर्ग उभा होता. मात्र त्याचा अर्थ लागण्यास पुष्कळ काळ जावा लागला.

कूम्ब्स परीक्षा : कुत्र्यांच्या रक्तपरीक्षेचा खरा पाया १९४५ मध्ये केंब्रिज येथे घातला गेला, आणि तो घालणारा संशोधक शिक्षणाने पशुवैद्य होता. रॉबिन कूम्ब्स (१९२१–२००६) यांनी एडिंबरो येथील पशुवैद्यक महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर केंब्रिजमध्ये प्रतिरक्षाविज्ञानाचे संशोधन सुरू केले. त्या सुमारास ऱ्हीसस रक्तगटाची काही प्रतिपिंडे शास्त्रज्ञांना चकवीत होती. ती तांबड्या कोशिकांना चिकटत. परंतु कोशिकांच्या गुठळ्या बनवीत नसत, त्यामुळे ती डोळ्यांना दिसत नसत. लंडनहून केंब्रिजला जाणाऱ्या रात्रीच्या आगगाडीत, वाचण्यापुरताही उजेड नसलेल्या डब्यात बसले असता कूम्ब्स यांना यावरील उपाय सुचला, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. प्रतिपिंड हे स्वतः एक प्रथिन (ग्लोब्युलिन) आहे. मानवी ग्लोब्युलिन सशाला टोचले तर सशाच्या रक्तरसात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतील. आणि हा रक्तरस प्रतिपिंड चिकटलेल्या तांबड्या कोशिकांत मिसळला तर तो दोन कोशिकांमध्ये पुलासारखा पडून त्यांच्या गुठळ्या बनवील. कूम्ब्स, ए. ई. मुरंट व आर्. आर्. रेस यांनी ही परीक्षा १९४५ मध्ये प्रसिद्ध केली. तिचे तत्त्व इटालियन शास्त्रज्ञ कार्लो मोरेस्की यांनी १९०८ मध्येच मांडले होते, हे नंतर लक्षात आले. १९४६ मध्ये इंग्लंडमध्ये बूरमन, डॉड व लाउटिट यांनी ही परीक्षा काविळीसह होणाऱ्या पांडुरोगाच्या रुग्णांवर केली. जन्मजात प्रकारात ती ऋण आली, तर नंतर उद्भवलेल्या प्रकारात धन आली. शरीर स्वतःच्याच कोशिकांवर उलटू शकते, हे यामुळे रुग्णालयाच्या दैनंदिन कामात दिसू लागले.

या शोधकांपैकी रेस यांचे नाव मुंबईच्या वैद्यकीय इतिहासातही येते. परळ येथील सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालय येथे वाय्. एम्. भेंडे, सी. के. देशपांडे व एच्. एम्. भाटिया यांना काही व्यक्तींमध्ये एक अनोखा रक्तगट आढळला. त्यांचा रक्तरस सर्वांना चालणाऱ्या ओ गटाच्या कोशिकांच्याही गुठळ्या बनवीत असे. रूथ सँगर, रेस, मॉर्गन व वॉटकिन्स यांच्या सहकार्याने १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेला हा गट ‘बाँबे रक्तगट’ म्हणून जगभर ओळखला जातो [→ रक्तगट]. १९५७ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र सुरू केले. त्याचेच रूपांतर पुढे प्रतिरक्षारक्तविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेत झाले. माणसाच्या रक्तातील प्रतिपिंडे ओळखण्याची विद्या अशा रीतीने परळ भागात चांगली रुजली.

कुत्र्यांच्या रक्ताला मात्र या विद्येचा थेट उपयोग नव्हता. कूम्ब्स परीक्षेतील अभिकारक जातिविशिष्ट असतो. मानवी ग्लोब्युलिनाविरुद्ध तयार केलेला रक्तरस कुत्र्याच्या ग्लोब्युलिनाविषयी विश्वसनीय उत्तर देऊ शकत नाही. कुत्र्याचे ग्लोब्युलिन ससा, बकरी वा मेंढी यांना टोचून स्वतंत्र अभिकारक बनवावा लागतो. के. ई. एम. रुग्णालय आणि जनावरांचे रुग्णालय ही दोन्ही परळ भागातच आहेत. पण एका ठिकाणची बाटली दुसऱ्या ठिकाणी उपयोगी पडत नाही, ही अडचण मुळातच जीवशास्त्रीय आहे.

कुत्र्यांतील रोगांची ओळख : कुत्र्यातील आत्मप्रतिरक्षाजन्य पांडुरोगाचे पहिले वर्णन १९५७ मध्ये मिलर, स्विशर व यंग यांनी केले. स्विशर व यंग हे अमेरिकेतील रॉचेस्टर येथे कुत्र्यांच्या रक्तगटांवर व रक्ताधानावर (रक्त देण्याच्या क्रियेवर) काम करीत होते. चुकीच्या गटाचे रक्त दिल्यावर कुत्र्याच्या तांबड्या कोशिका कशा नष्ट होतात याचा त्यांना अनुभव होता. त्यामुळे कोणतेही रक्त दिलेले नसताना तशीच लक्षणे दिसणारे कुत्रे त्यांच्या नजरेस आले, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

यानंतर बॉस्टन येथे आर्. एम्. ल्यूइस, रॉबर्ट श्वार्ट्स व त्यांचे सहकारी यांनी १९६० नंतरच्या दशकात सार्वदेहिक ल्युपस झालेल्या कुत्र्यांचा अभ्यास केला. १९६५ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या वर्णनात पांडुरोग, बिंबाणूंची कमतरता, सांधेदुखी व मूत्रपिंडाचा शोथ ही मानवी रोगातील लक्षणे कुत्र्यांतही एकत्र आढळल्याचे दिसते. निदानासाठी त्यांनी एल्. ई. कोशिकांचा आधार घेतला. ही कोशिका माल्कम हारग्रेव्ह्‌झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये माणसाच्या अस्थिमज्जेत प्रथम पाहिली. दुसऱ्या कोशिकेच्या केंद्रकातील द्रव्य गिळून फुगलेली ती एक श्वेत कोशिका असते. पुढे तिची जागा केंद्रकविरोधी प्रतिपिंडांच्या परीक्षेने घेतली. जी. जे. फ्रीयू यांनी १९५७ मध्ये रूढ केलेल्या या पद्धतीत उंदराच्या यकृताचा पातळ काप वा प्रयोगशाळेत वाढविलेल्या कोशिका रुग्णाच्या रक्तरसात भिजवितात. नंतर त्यांवर अनुस्फुरक (विशिष्ट प्रकाशात चमकणारा) रंग जोडलेला अभिकारक टाकतात. केंद्रके हिरवी चमकली तर परीक्षा धन समजतात, आणि रक्तरस किती पट विरल करूनही चमक टिकते यावरून प्रतिपिंडांचे प्रमाण ठरवितात.

ल्यूइस व श्वार्ट्स यांनी ल्युपस झालेल्या कुत्र्यांची पैदास करून संततीची रक्तपरीक्षा केली. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात अनेक पिलांच्या रक्तात आत्मप्रतिपिंडे आढळली. परंतु त्यांची वाटणी आनुवंशिकतेच्या नेहमीच्या नियमांत बसत नव्हती. त्यामुळे मातेकडून पिलांकडे जाणाऱ्या एखाद्या संसर्गकारकाचा संशय त्यांनी व्यक्त केला. तसा विषाणू पुढे सिद्ध झाला नाही. तथापि आत्मप्रतिपिंड आणि संसर्ग यांची सांगड घालण्याचा विचार कुत्र्यांच्या बाबतीत इतक्या लवकर पुढे आला होता, हे विसरून चालणार नाही.

प्रत्यक्ष परीक्षा : रक्तविलयनजन्य पांडुरोगाच्या निदानात कूम्ब्स परीक्षेइतकेच महत्त्व दोन साध्या निरीक्षणांना आहे, आणि ती कोणत्याही लहान दवाखान्यात करता येतात. पहिले निरीक्षण गोल कोशिकांचे. कुत्र्याची तांबडी कोशिका सु. ७ मायक्रॉन (१ मायक्रॉन = मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाची असून तिचा मध्यभाग फिका दिसतो. प्रतिपिंड चिकटलेली कोशिका प्लीहेतून जाताना तेथील भक्षक कोशिका तिच्या आवरणाचा लचका तोडतात. उरलेली कोशिका लहान, गोल व मध्यभागीही गडद दिसू लागते. रंगविलेल्या रक्तलेपात अशा गोल कोशिका कुत्र्यात चटकन ओळखू येतात. मांजराच्या कोशिका मुळातच लहान असल्याने तेथे ही खूण उपयोगी पडत नाही.

दुसरे निरीक्षण समूहनाचे. काचपट्टीवर रक्ताच्या एका थेंबात चार थेंब लवणद्राव मिसळून पट्टी हलकेच फिरवितात. कोशिका नाण्यांच्या चळतीप्रमाणे नुसत्या एकमेकींना टेकलेल्या असतील, तर त्या सुट्या होतात. प्रतिपिंडांनी खरोखर बांधलेल्या असतील, तर द्राक्षांच्या घोसासारख्या गुठळ्या कायम राहतात. शंका उरल्यास कोशिका लवणद्रावात तीन वेळा धुऊन पुन्हा पाहतात. असे समूहन टिकून राहिल्यास कूम्ब्स परीक्षा करण्यात अर्थ नसतो; कारण अभिकारक न घालताच गुठळ्या झालेल्या असतात.

कूम्ब्स परीक्षेसाठी साखळू न दिलेले रक्त लागते. धुतलेल्या कोशिकांत कुत्र्याच्या प्रतिपिंडांविरुद्धचा व पूरक नावाच्या प्रथिनाविरुद्धचा रक्तरस क्रमाक्रमाने विरल करून मिसळतात. काही प्रतिपिंडे थंडीतच क्रियाशील होत असल्याने हे मिश्रण ३७° से. प्रमाणेच ४° से. तापमानासही ठेवून पाहतात. रोग असूनही काही कुत्र्यांत परीक्षा ऋण येते, आणि प्रयोगशाळेगणिक अभिकारक वेगळा असल्याने दोन ठिकाणची उत्तरे नेहमी जुळत नाहीत. अलीकडे अनुस्फुरक रंग लावलेल्या कोशिका लेसर किरणासमोरून एकेक करून नेऊन मोजण्याची पद्धतही वापरात आली आहे. ती अधिक संवेदनशील असली, तरी प्रतिपिंड का निर्माण झाले हे तीही सांगत नाही.

निरोगी कुत्र्याच्या रक्तात तांबड्या कोशिकांचा वाटा घनफळाने सु. ३७ ते ५५% असतो. तीव्र रोगात तो २०% च्याही खाली येतो. हिरड्या पांढुरक्या व नंतर पिवळ्या पडतात, लघवी गडद होते, कुत्रे थोड्या चालण्यानेही धापा टाकते. मृत्यू बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत येतो, आणि त्याचे कारण अनेकदा पांडुरोग नसून फुप्फुसाच्या रोहिणीत अडकलेली रक्ताची गुठळी असते. बिंबाणूंच्या रोगात निदान याहून अवघड आहे. दर घन मिलिमीटर रक्तात सु. दोन ते पाच लाख असणारे बिंबाणू तीस हजारांच्या खाली गेल्यावर आपोआप रक्तस्राव होऊ लागतो. बिंबाणूंना चिकटलेली प्रतिपिंडे मोजता येतात. पण गोचिडींनी पसरणाऱ्या एहर्लिकिया जंतूच्या संसर्गातही ती आढळतात.

नेमक्या परीक्षा : याच्या अगदी उलट उदाहरण गंभीर स्नायुदौर्बल्याचे आहे. १९७३ मध्ये पॅट्रिक व लिंडस्ट्रॉम यांनी विद्युत् ईल माशाच्या अवयवातून काढलेले ॲसिटिलकोलीन-ग्राही प्रथिन सशांना टोचले असता त्यांना पक्षाघातासारखे दौर्बल्य आले. या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे रुग्णांच्या रक्तात मोजण्याची पद्धत लवकरच निघाली व ती कुत्र्यांनाही लागू करण्यात आली. कुत्र्यात हा रोग थोड्याशा धावण्याने पाय गळणे, अन्ननलिका फुगणे व गिळलेले अन्न परत येणे या लक्षणांनी प्रकट होतो. रक्तरसात प्रतिलिटर ०·६ नॅनोमोलपेक्षा अधिक प्रतिपिंड आढळल्यास निदान जवळजवळ निश्चित होते. येथे प्रतिपिंड कशाविरुद्ध आहे हे नेमके ठाऊक आहे, आणि तेच प्रतिपिंड रोगही घडविते. चावण्याच्या स्नायूंच्या शोथाचीही अशीच नेमकी परीक्षा उपलब्ध आहे.

अवटू ग्रंथीच्या बाबतीत स्थिती या दोहोंमधली आहे. नोएल रोझ व अर्न्स्ट विटेब्स्की यांनी १९५६ मध्ये सशांमध्ये अवटुशोथ निर्माण करून एर्लिख यांच्या मताला मोठा हादरा दिला. कुत्र्यांत अवटू ग्रंथीच्या ऱ्हासाची सु. निम्मी उदाहरणे अशा शोथातून उद्भवतात, आणि थायरोग्लोब्युलिनविरोधी प्रतिपिंडे त्याची साक्ष देतात. परंतु ग्रंथी अजून पुरेसे काम करीत असतानाही ती सापडू शकतात. संधिवाताभ घटकाची परीक्षा कुत्र्यांत फारशी भरवशाची ठरलेली नाही. हृदयातील कृमींच्या संसर्गातही ती धन येते. त्वचेवरील पेंफिगस गटाच्या रोगांचे निदान तर रक्तापेक्षा कातडीच्या तुकड्याच्या तपासणीवरच अवलंबून आहे.

मुंबईची परिस्थिती : पशुवैद्यक शास्त्राच्या दृष्टीने परळ हे पश्चिम भारतातील एक जुने केंद्र आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारी संस्था मुंबईत १८७४ मध्ये स्थापन झाली. दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय परळ येथे उभे राहिले, आणि त्याला जोडूनच १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. २००० पासून हे महाविद्यालय महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठात समाविष्ट आहे. परळपासून चार-पाच किमी. वर ईशान्येस अँटॉप हिल हा भाग आहे. सरकारी नोकरांच्या वसाहती, दाट झोपडवस्ती व पूर्वेकडील मिठागरे यांनी वेढलेल्या या भागात, मुंबईत इतरत्र दिसते त्याप्रमाणे, पाळीव व भटकी कुत्री शेजारी-शेजारीच वावरतात.

कुत्र्याची तपकिरी गोचीड अशा वस्तीला विशेष मानवते. ती रानापेक्षा घरात रमते. कुत्र्याचे रक्त पिऊन खाली उतरते व भिंतीच्या भेगांत, दारांच्या चौकटींमागे वा पायऱ्यांच्या फटींत अंडी घालते. थंड प्रदेशात हिवाळ्यामुळे तिचे जीवनचक्र खंडित होते. मुंबईत तसा खंड पडत नाही. एहर्लिकिया, बॅबेसिया, ॲनाप्लाझ्मा व हेपॅटोझून हे रक्तातील परोपजीवी तिच्यामार्फत पसरतात. हेपॅटोझूनचा संसर्ग तर तिच्या चावण्याने नव्हे, कुत्र्याने ती गिळल्याने होतो. मुंबई, दिल्ली, सिक्कीम व लडाख येथील ५२५ भटक्या कुत्र्यांच्या रक्ताची पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचाही सहभाग होता. जंतूंच्या जननिक द्रव्याच्या लक्षावधी प्रती काढून त्यांचा शोध घेणाऱ्या पॉलिमरेज शृंखला विक्रियेने तपासले असता सु. ३०% कुत्र्यांत हेपॅटोझून व सु. एक-पंचमांश कुत्र्यांत एहर्लिकिया आढळला. सूक्ष्मदर्शकाखाली यांपैकी फारच थोडे दिसले होते. म्हणजे रक्तलेपात जंतू दिसला नाही एवढ्यावरून तो नाही असे म्हणणे धोक्याचे आहे.

यातील बॅबेसिया गिब्सोनाय या आदिजीवाचा शोध भारतातच लागला. १९१० मध्ये डब्ल्यू. एस्. पॅटन यांनी मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या, व नंतर कोल्ह्यांच्या, रक्तात तो प्रथम पाहिला. हा आदिजीव तांबड्या कोशिकांत लहान कड्याच्या आकारात राहतो आणि सहज नजरेतून निसटतो. त्याने ग्रासलेल्या कुत्र्यात पांडुरोग, कावीळ, वाढलेली प्लीहा व धन कूम्ब्स परीक्षा असे हुबेहूब आत्मप्रतिरक्षा रोगाचे चित्र दिसते. हा केवळ आभास नव्हे; जंतूमुळे चेतलेली प्रतिपिंडे निरोगी कोशिकांनाही चिकटतात. कोशिका कोणी मारल्या या प्रश्नाचे उत्तर येथे ‘दोघांनी’ असेच द्यावे लागते.

अशा फसव्या उत्तरांचा अनुभव मानवी वैद्यकाला जुना आहे, आणि त्याचे एक ठळक उदाहरण अँटॉप हिलच्या शेजारीच घडत आले. वडाळा येथील ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय १८९० मध्ये निराधार रुग्णांचे आश्रयस्थान म्हणून सुरू झाले. कुष्ठरोगाच्या ज्या प्रकारात जंतू विपुल असतात, त्यात रुग्णाची प्रतिरक्षा यंत्रणा नाना प्रकारची प्रतिपिंडे सैरभैरपणे निर्माण करते. उपदंश नसताना उपदंशाची परीक्षा धन येते, संधिवाताभ घटक सापडतो, काही रुग्णांत केंद्रकविरोधी प्रतिपिंडेही आढळतात. केवळ प्रयोगशाळेचा कागद पाहणारा वैद्य अशा रुग्णाला ल्युपस झाला असे म्हणू शकेल. दीर्घकाळ एहर्लिकियाने पीडित असलेल्या कुत्र्याच्या रक्ताचीही हीच कथा आहे. त्यात ग्लोब्युलिनांचे प्रमाण अतोनात वाढते, बिंबाणू घटतात, सांधे सुजतात, मूत्रातून प्रथिन जाते, आणि ल्युपसच्या बहुतेक कसोट्या पुऱ्या होतात.

संज्ञेतील बदल : या अनुभवामुळे रोगाच्या नावातही फरक पडला. पूर्वी सरसकट ‘आत्मप्रतिरक्षा’ म्हटल्या जाणाऱ्या कुत्र्यांच्या पांडुरोगाला आता ‘प्रतिरक्षाजन्य’ असे अधिक सावध नाव देतात. कारण प्रतिपिंडाचे लक्ष्य स्वतःची कोशिका आहे, की तिला चिकटलेला जंतू वा औषध आहे, हे रक्तपरीक्षा सांगू शकत नाही. इतर कारण न सापडल्यासच रोग ‘प्राथमिक’ समजतात. अमेरिकेतील पशुवैद्यकीय तज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निवेदनानुसार गोल कोशिका, टिकाऊ समूहन व धन कूम्ब्स परीक्षा यांपैकी किमान दोन खुणा आणि त्यांखेरीज रक्तविलयनाचा पुरावा मिळाल्यावर निदान पक्के मानावे, आणि नंतर कारणाचा शोध घ्यावा. ज्या संसर्गांनी हा रोग उद्भवतो असा सबळ पुरावा आहे, त्यांत या निवेदनाने बॅबेसिया गिब्सोनायला अग्रस्थान दिले आहे. हे निवेदन मुख्यतः समशीतोष्ण देशांतील अनुभवावर आधारलेले आहे. तेथे प्राथमिक रोग हा नियम व गोचिडीचा संसर्ग हा अपवाद असू शकतो. भारताच्या किनारी शहरांत हे गृहीत धरता येत नाही.

व्यवहारात मात्र पशुवैद्याला सर्व उत्तरे हाती येईपर्यंत थांबता येत नाही. शृंखला विक्रियेचे उत्तर येण्यास काही दिवस लागू शकतात, आणि कुत्र्याचे रक्त तेवढी वाट पाहत नाही. म्हणून स्टेरॉइडाची पहिली मात्रा देण्यापूर्वी व शक्यतो रक्ताधानापूर्वीच सर्व परीक्षांसाठी लागणारे रक्त काढून ठेवणे, कानाच्या टोकाच्या सूक्ष्म वाहिनीतील रक्ताचा लेप पाहणे (बॅबेसिया तेथे अधिक सापडतो) आणि एहर्लिकियाचा संशय असल्यास डॉक्सिसायक्लीन हे औषध प्रेडनिसोलोनाच्या जोडीनेच सुरू करणे, असा मार्ग अनेकजण पत्करतात. दुहेरी उपचाराने कुत्रे बरे झाले, तर ते कशाने बरे झाले हे नंतर सांगता येत नाही. शास्त्रीय दृष्ट्या ही उणीव खरी. परंतु रुग्णाच्या दृष्टीने ती परवडणारी आहे. डॉक्सिसायक्लीन साधारणतः चार आठवडे देतात. प्रेडनिसोलोनाची मात्रा मात्र अनेक महिने हळूहळू उतरवावी लागते, आणि ती एकाएकी बंद केल्यास रोग उलटण्याची भीती असते. कुत्रे खाऊ-खेळू लागले तरी कूम्ब्स परीक्षा पुढे दीर्घकाळ धन राहू शकते. म्हणून मात्रा कमी करण्याचा निर्णय तिच्यावर न घेता दर दोन-तीन आठवड्यांनी मोजलेल्या तांबड्या कोशिकांच्या प्रमाणावर घेतात.